चाळिसाव्या मीटरची कडी

हानेकेनं आपली बोट, ग्रुत्तो, विकली मार्चमध्ये. विकून ती हॉलंडला बहिणीकडे गेली, पाच आठवडे तिथल्या गारठ्यात कुढली, आणि परत कारियाकू बेटावर येऊन त्याच खाडीच्या काठावर खोली घेऊन राहिली, जिथं ग्रुत्तो नांगरलेली होती. लेक दिल्यावर जावयाच्या दारासमोर बिऱ्हाड करणाऱ्या आईला लोक काय म्हणतील, तेच खाडीतले लोक हानेकेला म्हणत होते. तिच्या कानावर ते जातही होतं. पण ऐकून घेण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

एकोणीस वर्षं ती आणि तिचा नवरा योस्ट त्या बोटीवर राहिले होते. या बेटावरून त्या बेटावर, वाऱ्याच्या मर्जीनं. योस्ट गेला आणि नांगर एकटीनं ओढायचा म्हटलं तर तिच्या पाठीनं साफ नकार दिला, म्हणून विकावी लागली. घेतली मारेन आणि लासे या डॅनिश जोडप्यानं. दोघंही तिशीच्या आतबाहेरची, उन्हानं तांबूस झालेली, सारखी हसणारी. त्यांचं ते हसणंच हानेकेच्या डोळ्यांत खुपायचं.

बोटींवरच्या लोकांत आडनाव कुणी विचारत नाही. बोटीचं नाव हेच आडनाव. एकोणीस वर्षं हानेके ही 'ग्रुत्तोची हानेके' होती. आता रोज सकाळी आठ वाजता वायरलेसवर बोटींची हजेरी लागायची, तेव्हा मारेन गोड आवाजात "ग्रुत्तो, हजर" म्हणायची आणि इकडे खोलीत स्वतःचा वायरलेस लावून बसलेल्या हानेकेच्या हातातली कॉफी कडू व्हायची. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं तिला वाटे. पण बिळाचे पैसे नागोबानं रोख मोजले होते, त्यामुळे मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती.

मग ती सज्जात दुर्बीण घेऊन बसायची. मारेन कपडे वाळत घालते ते वाऱ्याच्या बाजूनं, म्हणजे सगळा खारा तुषार कपड्यांवर. अंडी दोन दिवसांनी उलटवायची असतात, नाही तर उन्हाळ्यात नासतात; ही चार-चार दिवस डेकवरच्या अंड्यांच्या टोपलीला हात लावत नाही. पाऊस आला की ताडपत्री ताणून पाणी टाकीत घ्यायचं, तर ही बया त्या पावसात डेकवर नाचते. एकदा मारेननं कुकरमध्ये भाजलेला पाव शेजारच्या बोटीवर नेऊन दिला आणि त्या लोकांनी तोंडभरून स्तुती केली, तेव्हा हानेकेचा नुसता तिळपापड झाला. कुकरमध्ये पाव भाजायला तिनंच शिकवलं होतं पोरीला.

खालच्या मजल्यावर दुकान चालवणारी घरमालकीण, मिस अर्डीन, एकदा भाजी घेऊन वर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हानेके, माझ्या नवऱ्यानं दुसरी ठेवली होती ना, तिच्याकडेसुद्धा मी इतकं बघितलं नव्हतं हो," ती म्हणाली. हानेकेनं भाजी घेतली आणि दार लावून घेतलं.

पण या सगळ्या जळफळाटाच्या तळाशी एक थंडगार सुख होतं. ग्रुत्तोची एक गोष्ट फक्त हानेकेला ठाऊक होती.

नांगराची साखळी साठ मीटर. चाळिसाव्या मीटरला एक कडी गंजून अर्धी झालेली. योस्ट दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी बदलू. तोवर दोघांनी नेम केला होता की चाळीसच्या पुढं साखळी सोडायचीच नाही, म्हणजे कडी आत कप्प्यात पडून राहते आणि तिच्यावर ताण येत नाही. बोट ताब्यात देताना हानेकेनं तीन दिवस एकेक वस्तू दाखवली. तिसऱ्या दिवशी तिघं नांगराच्या कप्प्याशी आली, तेव्हा मारेनची नजर होती योस्टच्या झोपायच्या फळीवर. ती लासेला म्हणत होती, "ही काढून टाकू या, इथं माझं शिलाई मशीन छान बसेल." हानेकेनं कप्प्याचं झाकण लावलं. "यात काही बघण्यासारखं नाही," ती म्हणाली.

तेव्हापासून ती कडी तिची होती. बोट त्यांची असली तरी बोटीचा जीव आपल्या मुठीत आहे, या विचारानं तिला झोप चांगली लागायची. सांगू कधीतरी, असं ती स्वतःला बजावायची. आधी येऊन विचारू देत.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या हजेरीला हवामानाचा इशारा आला. तुफान नव्हे, पण दुपारनंतर वाऱ्याचे जबर तडाखे येणार, सगळ्यांनी साखळ्या भरपूर सोडा. दहा वाजता हानेकेनं दुर्बीण लावली. लासे पुढं वाकून साखळी सोडत होता. ती मनात मोजत राहिली. तीस. चाळीस. तो थांबेना. सगळीच सोडत होता. आणि ग्रुत्तोच्या मागं, फार तर दोनशे मीटरवर, खडक.

हानेके पंधरा मिनिटं तशीच बसली. खरं सांगायचं तर त्यातली पाच मिनिटं तिच्या मनात जे आलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बोट माझी नाही तर कुणाचीच नाही, असं ते होतं. मग तिलाच स्वतःची भीती वाटली. वारा सांगितल्याआधीच उठला होता, वल्ही मारत जाणं शक्य नव्हतं. उरला वायरलेस, म्हणजे सगळ्या खाडीच्या कानावर घालणं.

आधी ज्याला बोलवायचं त्याचं नाव, मग आपल्या बोटीचं, अशी तिथली रीत. तिनं बटण दाबलं आणि जीभ सवयीनं चालली.

"ग्रुत्तो, ग्रुत्तो, ग्रुत्तो. इथून ग्रुत्तो बोलतेय."

मग एका म्हाताऱ्या इंग्रजाचा आवाज आला, "खाडीत एकच आहे हो, बाई, आणि ती तुमची नाही."

मारेननं मात्र साधेपणानं उत्तर दिलं आणि दुसरा चॅनल सांगितला. हानेके त्या चॅनलवर गेली. तिच्या मागोमाग अर्धी खाडी ऐकायला आली असणार, हे तिला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं तीही तेच करत आली होती.

"मारेन, साखळी आत घे. चाळीसच्या पुढं सोडू नका. तिथली एक कडी गंजलेली आहे."

"ती?" मारेन म्हणाली. "ती केव्हाच काढली आम्ही. तुम्ही हॉलंडला होतात तेव्हा साखळी धुवायला काढली होती, तेव्हा दिसली. नवी घातलीय सगळी. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, इतकी वर्षं असल्या कडीच्या भरवशावर झोपलात हे कळलं तर उगाच घाबराल."

मारेनच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"थांबा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. आताच आठवलं, असं सांगता आलं असतं.

"होतं."

"मग मार्चमध्ये का नाही बोललात?"

"मला तुझा मत्सर वाटत होता," हानेके म्हणाली. "अजून वाटतो."

पलीकडे मारेन लासेशी काहीतरी बोलत असावी. परत आली तेव्हा तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

"आमच्या जिवावर बेतलं असतं, हानेके."

"हो."

"अजून काही लपवलंय का? असेल तर आत्ता सांगा."

हानेकेनं डोळे मिटले आणि ग्रुत्तोच्या नाकापासून शेपटापर्यंत मनानं फिरून आली. पंप, शेगडी, डोलकाठीचा तळ, टाकीची झाकणं. काहीतरी सापडावं म्हणून तिनं जीव तोडून शोधलं. एखादा खिळा, एखादी गळकी फट, तिला एकटीला ठाऊक असलेली.

"नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं तुला देऊन झालंय."