कावळ्यांचा डबा

“या पोरीला आधी इथून हाकला. हिच्यामुळेच कावळा शिवत नाहीये.”

दुर्गाघाटाच्या पायरीवर साहेबांची मोठी बहीण असं म्हणाली. साहेब बँकेत मोठे अधिकारी, बदली होऊन बनारसला आलेले. त्यांची आई इथेच वारली होती आणि तिचा दहावा दिवस होता. मी नऊ वर्षांची. हातात ॲल्युमिनियमचा डबा घेऊन उभी होते.

आम्ही न्हावी. पणजोबा कुणा मराठी यजमानाबरोबर काशीला आले आणि इथेच राहिले. घरात मराठी बोलतो, गल्लीत पाय ठेवला की हिंदी. इथल्या मराठी घरांतलं सुतकाचं काम बाबांकडे असायचं. गुरुजींचा निरोप आला की धोकटी काखेत मारून बाबा निघायचे. मोठा भाऊ पाणी आणायचा, वस्तरे धुवायचा. माझ्याकडे कावळे होते.

मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. कावळे कुठून येतात, ते कुणाला माहीत नसतं. मी रोज शाळेच्या आधी त्याच पायरीवर शिळ्या पोळीचे तुकडे टाकायचे. डबा वाजवायचे, हाका मारायचे. काम असेल त्या दिवशी मात्र काही द्यायचं नाही. उपाशी ठेवायचं. बंद डबा घेऊन पिंडाजवळ उभं राहायचं. भुकेले कावळे डब्यामागे यायचे आणि भात दिसला की त्यावर तुटून पडायचे. घरचे लोक हात जोडून रडायचे. सुखाने गेली हो, म्हणायचे. ही सगळी युक्ती बाबांची. गुरुजींना ती पक्की ठाऊक होती. काम सांगतानाच ते म्हणायचे, “पोरीला घेऊन ये रे.”

मला ते काम आवडायचं. एक लंगडा कावळा तर माझ्या पायाशी यायचा. मला वाटायचं, आपण लोकांचं फार मोठं काम करतो.

त्या दिवशी साहेबांची माणसं पिंडाला चिकटून उभी होती. एकजण मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता, गावाकडच्यांना दाखवायला. कावळे समोरच्या कठड्यावर बसून बघत होते. एवढ्या गर्दीत ते कशाला खाली उतरतील? साहेब हात जोडून म्हणत होते, आई, तुझ्या नावाने अन्नदान करीन. आई, धाकट्याला सांभाळीन. कावळे हलेनात. शेवटी मी म्हणाले, “काका, थोडं लांब सरका. मग येतील.”

एवढंच. त्यावर ती बहीण वळली.

“हिची सावली पडलीय पिंडावर. न्हाव्याची पोर, त्यात मुलीची जात. अशा जागी उभी करतात का?”

ती स्वतः बाई होती. तिथेच उभी होती.

मी गुरुजींकडे बघितलं. मला खात्री होती, आता ते सांगतील. ही पोरगीच तर कावळे आणते, असं एक वाक्य. गुरुजींनी पंचपात्रातली पळी उचलली, परत ठेवली. आणि बाबांना म्हणाले, “अरे, बघतोस काय? पोरीला काही वळण आहे की नाही?”

बाबा कापलेले केस गोळा करत होते. तसेच उठले. माझ्यासमोर आले आणि माझ्या कानशिलात मारली.

बाबांनी मला कधी हात लावला नव्हता. ताप आला की रात्रभर मांडीवर घेऊन बसणारा माणूस. त्यांचा हात ओला होता. गालावर काहीतरी चिकटलं म्हणून मी पुसलं, तर केस. साहेबांच्या डोक्यावरचे, पांढरे काळे. ते पुसता पुसता मला रडू फुटलं, आणि कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

मी डबा उचलला आणि पायऱ्या चढायला लागले.

वरून मागे बघितलं तर कठडा रिकामा. सगळे कावळे माझ्यामागून वर आले होते. त्यांना ना आईचं मन कळत होतं, ना कुणाची सावली. त्यांना डबा कळत होता. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. ते माझ्याभोवती बसले, ओरडत, चोची घासत. खाली माणसं तोंड वर करून बघत होती.

“ए बाळ,” साहेबांनी हाक मारली. “ये ना परत. बोलाव त्यांना.”

आता बाळ.

गुरुजींनी बाबांना वर पाठवलं. बाबा अर्ध्या पायऱ्या चढले, थांबले, मग माझ्यापर्यंत आले. माझ्या गालाकडे न बघता म्हणाले, “डबा दे, बेटा.”

मी डबा छातीशी धरला. म्हणाले, “नाही.”

नऊ वर्षांच्या पोरीच्या हातातून डबा हिसकायला कितीसा जोर लागतो? बाबांनी हिसकला नाही. ते नुसते उभे राहिले. मग रिकाम्या हाताने खाली उतरले. खाली गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि वेळ मारून नेली.

त्यानंतर बाबांना गुरुजींचा निरोप आला नाही. बाबा पुलावरून रामनगरला जाऊ लागले. तिथे बाजाराच्या कडेला भिंतीवर आरसा टांगून बसायचे. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण जेवताना, दारातून जाताना, कधीतरी त्यांचा हात माझ्या गालाच्या दिशेने उठायचा आणि अर्ध्यातूनच मागे जायचा. इतक्या वर्षांत तो माझ्यापर्यंत पोचला नाही. मीही माझा गाल पुढे केला नाही.

बाबा या थंडीत गेले. मणिकर्णिकेवर नेलं. दहावा दुर्गाघाटावर, त्याच गुरुजींच्या हातून. मोठ्या भावाने मध्यंतरी त्यांच्यापुढे हात जोडून काम परत मिळवलं होतं. मी घाटावर पोचले तेव्हा पिंड मांडला होता. आणि पिंडाजवळ गुड्डी उभी होती, भावाची मुलगी, सहा वर्षांची. हातात तोच डबा. कठड्यावर उपाशी कावळे.

गुरुजी भावाला सांगत होते, “पोरीला जरा मागे उभी कर. सावली नको पडायला.”

मी गुड्डीचा हात धरून तिला वर नेलं. डबा उघडून तिच्यापुढे धरला. म्हटलं, “टाक सगळं.” तिने मुठी भरभरून टाकलं. कावळे पोटभर जेवले आणि उडून गेले. खाली माझ्या बापाचा पिंड तसाच राहिला.

“अगं, काय केलंस हे?” भाऊ ओरडला. “बाबांना मुक्ती नको?” मग तो पिंडाकडे वळून हात जोडून म्हणू लागला, घर सांभाळीन, बहिणीचं लग्न लावून देईन. कुणीच आलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मीही काही कबूल करावं म्हणून.

माझ्या बापाचं काय राहून गेलं, ते मला माहीत आहे. माझ्या गालापर्यंत न पोचलेला त्यांचा हात राहून गेला. मला रडू आवरेना. तशीच खाली उतरले आणि म्हणाले, “गुरुजी, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी पळी उचलली, परत ठेवली.

“दर्भाचा कावळा करा. तुम्हाला येतो करता.”

डबा माझ्याकडे आहे. भाऊ मागतो, मी देत नाही. तो माझ्याशी बोलत नाही, न बोलू दे. गुड्डी सकाळी शाळेत जाते. गुरुजींचा निरोप आला तर दारात मी उभी असते. ज्याला आपल्या मेलेल्या माणसाची एवढी काळजी असेल, त्याने स्वतः उठावं, स्वतः घाटावर जावं आणि स्वतःच्या हाताने कावळ्यांना खायला घालावं. आमच्या घरचं लेकरू यापुढे तिथे उभं राहणार नाही.