रूथमावशीचा रस्सा आणि पप्पांची चाल

टेम्पोत सगळ्यात शेवटी वाजवायची पेटी चढली. गाद्या, शेगडी, पिठाचा डबा आधीच कोंबून झालं होतं, पण पेटीला पप्पांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः चढून त्यांनी ती दोन गाद्यांच्या मध्ये बसवली आणि खाली उतरून मला म्हणाले, "चाल बदलू देऊ नको. चाल गेली की गाणं परकं होतं." लेकीला निरोप देताना बाप काय काय सांगतात, मला संगीताची सूचना मिळाली. तुम्ही गावची सगळी मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर उभी होतात, तुम्हालाही आठवत असेल.

ह्यांना मानकोलीच्या गोदामात सुपरवायझरची नोकरी लागली, म्हणून आम्ही नगरकडून भिवंडीत आलो. इथे लूमला, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची उपासनाही शुक्रवारीच. रविवारी घरात बसून मला सुरुवातीला काहीतरी पाप करतोय असं वाटायचं. मंडळी जमते ती एका लूमच्या वरच्या माडीवर. मालक कोकणी मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणतात. उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनाला ते आपलं मोठं पातेलं देतात. अट एकच, मटण त्यांच्या ओळखीच्या हलाल दुकानातून आणायचं, म्हणजे रस्सा त्यांच्या घरीही चालतो.

उपासनेतली पेटी आणि गाणं मी महिनाभरात ताब्यात घेतलं. आपल्या घरात तीन पिढ्या गाणं, त्यामुळे लाजण्याचा प्रश्नच नव्हता. इथे कुणी जालन्याचं, कुणी कोल्हापूरचं, काही तेलुगू कुटुंबं सोलापूरमार्गे आलेली. गाणं एकच, पण प्रत्येकाची चाल वेगळी. मी दर गुरुवारी तालीम लावली आणि सगळ्यांना सरळ केलं. अडली ती फक्त रूथमावशी. ती जालन्याकडची, साठीची, लूममध्ये सुताच्या कांड्या भरते. ही मंडळी सुरू झाली तीच मुळी तिच्या खोलीत. आपल्या चालीत दुसरी ओळ वर चढते, तिच्या चालीत ती खाली उतरते. सगळ्यांसमोर मी तिला तीनदा थांबवलं. मग तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि गायचंच बंद केलं. तेव्हा मला वाटलं, चला, कटकट मिटली. आज ते लिहिताना लाज वाटते.

गावची आणखी एक रीत, पप्पांनीच घालून दिलेली, मी इथे आणली होती. ज्याच्या घरचा रस्सा, त्याने गाणं उचलायचं, आणि गाणं संपेपर्यंत कुणी भाकरी मोडायची नाही. लोकांना ती फार आवडली. आणि कापणीच्या सणाला पाळी आली रूथमावशीची. त्याच सणाला पप्पा पहिल्यांदा भिवंडीत येणार होते.

गुरुवारी मी तिच्या खोलीवर गेले. पप्पा येताहेत, एवढा एक दिवस आमच्या चालीत म्हणा, असं गोड बोलून सांगितलं. ती मसाला भाजत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पोरी, रस्सा कर म्हन, करते. ह्याच चालीवर माझ्या आईला मातीत ठेवलंय. ती न्हाई बदलायची."

शुक्रवारी पप्पा पुढच्या सतरंजीवर बसले, इस्त्रीचा सदरा घालून. पातेल्यावर झाकण होतं. मावशीने गाणं उचललं. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीला माझी बोटं वर गेली, तिचा आवाज खाली गेला आणि अख्खी खोली मधेच अडकली. मी पप्पांकडे पाहिलं. ते पातेल्याकडे बघत होते. चाल सोडायची नाही हाही त्यांचाच नियम आणि रस्सा ज्याचा गाणं त्याचं हाही त्यांचाच. मावशी थांबली नव्हती. एकटीच म्हणत होती.

मी हात उचलला, तिचा सूर शोधला आणि तिच्यामागून खाली उतरले. दुसऱ्या कडव्याला एकेक जण येऊन मिळाला. माझ्या तालमीत नुसते ओठ हलवणाऱ्या तेलुगू बायका त्या दिवशी मोकळ्या गळ्याने गायल्या. इतके महिने मी ह्या सगळ्यांकडून काय करून घेत होते, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं आणि डोळे भरून आले.

पप्पा गायले नाहीत. गाणं संपलं, लोकांचे हात भाकरीकडे गेले, तेवढ्यात ते मावशीला म्हणाले, "बाई, तेवढी दुसरी ओळ परत घ्या. मला उतरता येईना."

भाकरी तशीच ठेवून सगळे पुन्हा गायले. मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी पप्पांना ती ओळ जमली, आणि रूथमावशी पदर तोंडाला लावून हसली. रस्सा निवला होता, तरी पातेलं पुसून निघालं. चाचांसाठी बाजूला काढलेला डबा तेवढा वाचला.

आता कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर मी भिवंडी सांगते, जरासुद्धा न अडखळता. तुमच्यावरची माया तसूभर कमी झालेली नाही. पप्पा काल गाडीत बसले तेव्हा ओठांतल्या ओठांत तीच ओळ म्हणत होते. ह्या रविवारी ते तुम्हाला ती शिकवायला घेतील. त्यांना थांबवू नका.