येडशीच्या धुक्यात, बंद काचांच्या गाडीत

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीहून अणदूरला जायचं तर चांगलं उजाडल्यावर निघा, असं जगाला सांगणारी मी स्वतः मात्र कार्तिकातल्या गारठ्यात साडेसहालाच निघाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! सोबत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. गाडी मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, पंधरा वर्षांची. ते गेल्यापासून दोन वर्षं आत्याबाई तिच्यात बसल्या नव्हत्या. खंडोबाचं दर्शन म्हणून कशाबशा तयार झाल्या.

मामंजी गेले तेही याच गाडीतून. असाच गारठा होता. छातीत कळ आली, त्यांनी स्वतःच तेल चोळलं, फरक पडेना. भावकीतल्या चौघांनी गाडीत घालून धाराशिवच्या दवाखान्यात नेलं, ते परत आले नाहीत. आत्याबाई दारातच राहिल्या. "जाताना माझ्याकडं बघितलं बी न्हाय," एवढंच त्या अधूनमधून म्हणतात.

आता गाडीविषयी, कारण जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांना हे उपयोगी पडेल. हिच्यात आपोआप काही होत नाही. तीन गोल बटणं: एक पंख्याचं, एक निळ्याकडून लालकडे फिरणारं, एक हवा तोंडावर, पायावर की काचेवर सोडायची ते ठरवणारं. खाली एक सरकता दांडा, बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची यासाठी. उसाच्या ट्रॉल्या आणि धूळ, म्हणून मामंजींनी तो कायम 'आत' ठेवलेला. मीही हलवला नाही. थंडी होती म्हणून बटण लालकडे नेलं, हवा पायांवर सोडली आणि तिथंच फसले.

येरमाळ्याला चहा घेतला. चहावाला म्हणाला, "ताई, पुढं लई धुकं हाय. दमानं जावा."

येडशीच्या अलीकडे रस्ता दिसेनासा झाला. मग काच आतूनही पांढरी होऊ लागली. फडका शोधत होते, तेवढ्यात समोरच्या काचेवर एक पंजा उमटला. त्याच्याशेजारी दुसरा. मग तिसरा. प्रत्येकाची तर्जनी अर्धी.

"ह्यांचे हात हायत," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजींचं बोट चारा कापायच्या कडबाकुट्टीत तुटलं होतं. दरवेळी अणदूरला निघताना ते तेलात कालवलेला भंडारा हाताला लावून पंजा आतून काचेला टेकवायचे. हळद पुसली गेली, तेलाचा अंश राहिला, त्यावर वाफ धरत नव्हती. हे सगळं मला कळत होतं, तरी फडका शोधायचं मी थांबवलं.

मग आत्याबाईंच्या बाजूच्या खिडकीवर एक उमटला. एकच, वाकडा, खाली घसरलेला.

आत्याबाई तिकडं वळल्या. "ह्या काचंला त्यांनी कधीच हात लावला न्हाय. त्या दिवशी हितंच बसवलं व्हतं त्यांना. काचा बंद, आत पाच माणसं. मला बाहेरून निस्तं पांढरं दिसत व्हतं." मग हळूच म्हणाल्या, "मला हात केला व्हता गं त्यांनी."

मागून ट्रकचा हॉर्न आला. मी गाडी रस्त्याच्या पार खाली उतरवली. दांडा बाहेरच्या हवेवर, हवा काचेवर, बटण लालकडेच आणि वर एसी चालू. थंडीत एसी लावतात, कारण तो हवेतला ओलावा ओढून घेतो. समोरचे पंजे एकेक करून विरले.

"माझ्याकडली हवा नगं," म्हणत आत्याबाईंनी त्यांच्या बाजूची झडप मिटवली. त्यांची काच पांढरीच राहिली, डावा आरसा दिसत नव्हता. धुकं उठेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो.

तुळजापूरला सुशीला खाल्ला, चुरमुऱ्यांचा, चांगला झणझणीत. नळदुर्गकडचा रस्ता छान आहे. अणदूरचा देव वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गला मुक्कामी असतो, तेव्हा आधी चौकशी करून जा. आम्हाला दर्शन झालं. आत्याबाईंनी काय मागितलं, मी विचारलं नाही.

घरी आल्यापासून, सकाळी गारठा असला की त्या पत्र्याखाली जाऊन गाडीत बसतात, दार ओढून घेतात आणि त्या खिडकीची काच पांढरी होईपर्यंत तिच्यावर श्वास सोडत राहतात. काहीतरी बोलतातही. मला बाहेरून ऐकू येत नाही.

काल उतरताना म्हणाल्या, "अंगठा दिसंना झालाय गं."

"आज गारठा कमी आहे, आत्याबाई," मी म्हटलं. "उद्या दिसेल."