हेलियमवाले जयसिंहराव

मला रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही वाट बघत बसायला नको. सांत्वनाला आलेल्या बायकांची मोठी निराशा झाली. आमच्या जाऊबाई तर रुमाल काढूनच बसल्या होत्या. कोणी मेलं नव्हतं, आमचं घर गेलं होतं. तेही बांधलेलं नाही, मनातलं. मी त्यांना चहा दिला आणि गहू निवडत बसले.

आमचे हे, जयसिंहराव, सिटी सेंटर भागातल्या एका खासगी केंद्रात एमआरआयचं मशीन चालवतात. पूर्वज म्हणे घोड्यावर बसून दख्खनेतून ग्वाल्हेरला आले, तलवारी गाजवल्या. आणि हे पेशंटला त्या बोगद्यात सरकवून सांगतात, हलू नका, आवाज होईल, घाबरू नका. सासरची मंडळी ह्यांना 'फोटोवाला' म्हणायची. तोंडावर, हसून. हेही हसायचे. पण त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांना जेवण जायचं नाही.

मी सिंचन खात्यात कारकून, म्हणून आम्हाला थाटीपुरला सरकारी क्वार्टर. सगळा संसार तिथेच झाला. लेक उन्नती तिथूनच लग्न होऊन इंदूरला गेली. मी रिटायर झाले की क्वार्टर सोडायचं, हे पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून माझ्या पगारातून घरासाठी पैसे बाजूला पडत होते. शेवटची काही वर्षं उरली तेव्हा पी.एफ.मधूनही उचल केली. दोन खोल्यांचा एक फ्लॅट बघूनसुद्धा ठेवला. ओट्यासमोर खिडकी होती, मला तेवढीच आवडली होती.

तेवढ्यात हे हेलियम आलं, मेलं.

त्या मशीनच्या पोटात हेलियम नावाचा गॅस गारढोण, पातळ करून भरलेला असतो, त्याने आतलं चुंबक थंड राहतं. तो थोडा थोडा उडून जातो, म्हणून दिल्लीहून थर्मॉससारखे मोठाले डबे यायचे आणि मशीन पुन्हा भरायचे. दर खेपेला बिल फुगलेलं. ते बिल ह्यांच्या हातातून मालकाकडे जायचं.

"अगं, हा गॅस कारखान्यात बनत नाही, जमिनीतून निघतो," हे एकदा जेवताना म्हणाले. "उडाला की गेला, परत मिळत नाही. जगात कमी पडतोय. आणि ह्याच्याशिवाय माझं मशीन म्हणजे भंगार."

"मग?"

"मग काय! जो शोधून काढेल तो राजा."

झालं! दिवसभर फोनमध्ये डोकं. परदेशी शेअर घ्यायचे तर बँकेतून पैसे कसे पाठवायचे, ते शिकून आले. दोन कंपन्या धरल्या, एक कॅनडातली, एक आफ्रिकेत खोदणारी. दोन्ही लहान.

"लहान म्हणजे किती?" मी विचारलं.

"असतील आठ-दहा माणसं."

"अहो, आपल्या मंडळाच्या गणपतीला ह्यापेक्षा जास्त कार्यकर्ते असतात!"

"म्हणूनच तर. मोठ्या कंपनीत पैसा रांगतो. ह्यांना एक विहीर लागली की दहापट." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "दोन खोल्या कशाला, तीनचा घेऊ. उन्नती माहेरपणाला आली की तिची वेगळी खोली."

मी नको म्हटलं. भांडले, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. घराचे पैसे कॅनडा आणि आफ्रिकेला गेले.

त्या वर्षी दसऱ्याला सोनं द्यायला सगळे थोरल्या दिरांकडे, मल्हाररावांकडे जमले. शमीची पानं हातावर ठेवत मल्हारराव म्हणाले, "क्या जयसिंग, सुना है विलायत में कुएँ खुदवा रहा है?" सगळे हसले. पण ह्यांनी शांतपणे सांगायला सुरुवात केली. गॅस कुठे सापडतो, किती खोल जावं लागतं, मशीनला किती लागतो. जेवणाची पानं वाढली तरी कोणी उठेना. त्या दिवशी कोणी फोटोवाला म्हटलं नाही. हेलियमवाले म्हणाले. परतताना स्कूटरवर हे गुणगुणत होते, आणि खोटं कशाला बोलू, मागे बसून मलाही बरं वाटत होतं.

पुढे आफ्रिकेच्या भोकातून खारं पाणी निघालं. तो शेअर मातीमोल झाला.

कॅनडात मात्र खरंच गॅस लागला. हे पेढे घेऊन आले. भाव चढला. मी म्हटलं, आता विका, फ्लॅट घ्या, देवाला नारळ फोडू.

"वेडी की काय तू? आत्ता तर गॅस लागलाय. आत्ता कोण विकतं?"

गॅस सापडला म्हणजे पैसा सापडला असं नसतं, हे आम्हाला कुठे ठाऊक! आणखी विहिरी खोदायला, गॅस साफ करायला कंपनीला पैसा हवा होता. त्यांनी नवे शेअर काढले. मग पुन्हा काढले, पुन्हा काढले. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी घालतो ना, तसं. आमची वाटी तेवढीच राहिली, आमटी पातळ होत गेली. भाव रोज थोडा खाली. ह्यांचा चेहराही.

उन्नती फोनवर गयावया करायची. "पापा, प्लीज, जो बचा है वो निकाल लो ना. आईची रिटायरमेंट आली."

"तुला नाही कळायचं बेटा. मी रोज त्या मशीनपाशी उभा असतो. त्याला गॅस लागणारच."

माझ्या निवृत्तीच्या आदल्या महिन्यात पेन्शनच्या कामाला मी सिटी सेंटरच्या बँकेत गेले होते. म्हटलं, ह्यांच्याबरोबरच घरी जावं. केंद्रापाशी पोचले तर बाहेर ही गर्दी. छतावरच्या एका जाड पाइपातून पांढरे लोट निघत होते, कानठळ्या बसतील असा आवाज. पोरं व्हिडिओ काढत होती. मला वाटलं, आग लागली. बघते तर हे पार्किंगमध्ये उभे, मान वर करून.

"अहो, काय झालं?"

"हेलियम सोडतायत."

"सोडतायत म्हणजे?"

"जुनं मशीन काढतायत आज. नवीन आलंय. त्याच्यात सात-आठ लिटर असतं, कारखान्यातच सीलबंद. पुन्हा कधी भरावं लागत नाही." मग म्हणाले, "ह्याच्यात शेकड्यांनी आहे."

"मग भरून का ठेवत नाहीत? एवढं महाग ना?"

शेजारी दिल्लीहून आलेला इंजिनियर होता, त्याने ऐकलं. "कौन पकड़े मैडम? पकड़ने का खर्चा ज़्यादा है." असं म्हणून तो चहाच्या ठेल्याकडे गेला.

मला खूप ओरडायचं होतं. भर रस्त्यात तमाशा करायचा होता, कप्पाळ बडवायचं होतं. तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. पाय, हात, डोकं, सगळं कुणा दुसरीचं असल्यासारखं. पाइप गप्प होईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

संध्याकाळी कॅनडाचा शेअर बाजार उघडला तेव्हा ह्यांनी विकायचं बटण काढून फोन माझ्यापुढे धरला. "तू दाब. माझ्याने होत नाही." मी दाबलं. जे हातात आलं त्यात फ्लॅटचं दार तेवढं आलं असतं. मधल्या वर्षांत फ्लॅटचे भाव दुप्पट झालेले, ग्रॅच्युइटी घालूनही पुरेना, आणि ह्या वयात बँक कर्ज देत नाही.

ऑफिसने शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. मी हसलेसुद्धा, फोटोत दिसतंय. क्वार्टर रिकामं करायची नोटीस आली आणि आम्ही भाड्याच्या खोल्या बघायला निघालो.

तिसऱ्या ठिकाणी वरच्या मजल्यावर दोन खोल्या बऱ्या निघाल्या. घरमालकीण बोलकी होती. कुलूप उघडता उघडता तिने विचारलं, "कितने दिन के लिए चाहिए? साल-दो साल?"

आधीच्या दोन्ही ठिकाणी ह्याचं उत्तर मीच दिलं होतं, आणि ते ठरलेलं होतं. बस, अपना मकान होने तक. मी तोंड उघडणार, तोच हे जमिनीकडे बघत म्हणाले, "भाभीजी, जब तक हम हैं."

त्या बाईने किल्ली माझ्या हातात ठेवली. हे माझ्याकडे बघत होते, मी आता तरी काही बोलेन म्हणून.

"भाडं कोणत्या तारखेला द्यायचं," मी म्हटलं, "तेवढं विचारून घ्या."