शर्लीचा शुक्रवार

मी सातव्या स्लाइडवर होते, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. सत्तरीच्या असाव्यात. निळं कार्डिगन, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा.

"लव्ह, ती हिरवी पट्टी आहे ना," त्या म्हणाल्या, "तिच्यात मी किती वेळा आहे?"

हॉलमध्ये दोघं-तिघं हसले. मीही हसले. म्हटलं, बाई विनोदी दिसतायत. मग माझ्या लक्षात आलं की त्या स्वतः अजिबात हसत नाहीयेत.

थोडं मागे जाऊन सांगते. शाळा, बस, दवाखाने यांच्या वेळा बदलायच्या असल्या की आमच्यासारख्यांना बोलावतात. बदल केला तर कोणाच्या घरी काय होईल, ते आधी तपासायचं आणि तक्त्यात मांडायचं, हे माझं काम. मी मूळची नाशिकची. शिकायला म्हणून मेलबर्नला आले, युनिव्हर्सिटी झाली, कायम राहण्याची पीआर झाली, शहराच्या कडेला ट्रुगानिनात घर झालं. आता एका छोट्या कन्सल्टन्सीत बसून चार-चार तासांवरच्या गावांचे आठवडे आखते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त आमच्या उंटाला एसी आहे.

हे काम होतं गव्हाच्या पट्ट्यातल्या पाच लहान शाळांचं. पाचही शाळांचं मिळून एकच बोर्ड. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना शेतं, आणि गाव आलं हे धान्याच्या उंच सायलोंवरून कळायचं. शाळांचा प्रश्न एकच होता, शिक्षक येत नव्हते. नोकरीबरोबर घर देऊनही येत नव्हते. ट्रेसी ही त्यांतल्या एका शाळेची मुख्याध्यापिका, आणि बोर्डातर्फे आमच्याशी तीच बोलायची. ती शाळा चालवायची, शिवाय सहावीला गणित शिकवायची, शिवाय डब्याच्या सुट्टीत मैदानावर उभी राहायची. नळ गळला तर पानाही तीच घ्यायची.

"दोन जागा वर्षभर रिकाम्या आहेत," पहिल्याच कॉलवर ती म्हणाली. "मुलाखतीला येतात, गाव बघतात, विचारतात मॉल कुठाय, आणि परत जातात. मी त्यांना तीन दिवसांचा वीकेंड देऊ शकले, तर निदान पुन्हा फोन तरी करतील."

म्हणून चार दिवसांची शाळा. सोमवार ते गुरुवार शाळा, शुक्रवार सुट्टी. शिकवायचे तास कमी करता येत नाहीत, तेव्हा उरलेले चार दिवस सव्वा-सव्वा तासाने लांबवायचे. ऐकायला सोपं वाटतं. अडचण एवढीच, की शुक्रवारी मुलं कोण सांभाळणार?

ते आम्ही पालकांना ऑनलाइन विचारलं. शुक्रवारी मूल कोणाकडे राहील? आई किंवा बाबा, आजी-आजोबा, पैसे देऊन ठेवलेली सोय, माहीत नाही. यातल्या पहिल्या दोन उत्तरांना मी हिरवा रंग दिला, तिसऱ्याला पिवळा, चौथ्याला लाल. उत्तरं आली आणि पट्टी हिरवीगार झाली. निम्म्याहून जास्त घरांनी 'आजी-आजोबा' वर टिक केलं होतं.

मला त्यात काही खटकलं नाही. खटकणार कसं? माझ्याच घरात तो हिरवा रंग नांदत होता. आई जूनमध्ये आली होती. माझ्या मुलाला, अद्वैतला, शाळेतून आणणं, त्याचं खाणं, आमचा स्वयंपाक, सगळं तिने कधी हातात घेतलं ते कळलंही नाही. ऑक्टोबरमध्ये ती परत जाणार होती. मी मार्चपर्यंत व्हिजा वाढवून घेतला. फॉर्म मी भरला, तिने सही केली. घरात आजी आहे म्हणजे प्रश्न सुटला, असं माझं साधं गणित. टिक आली, मी पुढे गेले.

रिपोर्टचा मसुदा तयार झाला. चार दिवसांची शाळा करायला हरकत नाही, असा. तोच गावकऱ्यांपुढे मांडायला मी त्या हॉलमध्ये उभी होते. मागे चहाचा मोठा बंब, बाजूला लॅमिंग्टन केकची ताटं, आणि समोर निळ्या कार्डिगनमधल्या बाई.

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"शर्ली." मग त्या माझ्याकडे पाठ करून हॉलकडे वळल्या. "शुक्रवारसाठी ज्यांनी मला धरून टिक केलंय त्यांनी हात वर करा बघू."

मग एका दाढीवाल्याने अर्धवट हात वर केला. तो त्यांचा मुलगा. मग त्यांच्या दोघी मुली. मग एक सून, तिचा नवरा शेतावर होता. आणि शेवटी शेजारच्या घरातली एक बाई, जिचं शर्लीशी रक्ताचं काही नातं नव्हतं. "सॉरी, शर्ल," ती म्हणाली, "मला वाटलं तुझ्याकडे एवीतेवी असतीलच सगळी."

पाच घरं, बारा मुलं, आणि आजी एक.

माझ्या धंद्यात याला डबल काउंटिंग म्हणतात. एकच गोष्ट दोनदा मोजायची. एकच खोली पाच पाहुण्यांना दिल्यासारखं. ही चूक कॉलेजातली पोरं करतात. मी ती केली होती, वर तिला हिरवा रंग दिला होता, आणि भरसभेत भिंतीवर चार फूट लांब करून दाखवली होती.

"बरं, बारा तर बारा," शर्ली म्हणाल्या, "पण मला विचारलं कोणी?"

तेव्हा त्यांची थोरली मुलगी, जोडी, जरा वैतागूनच बोलली. ती गावच्या वृद्धाश्रमात कामाला होती आणि तिची शुक्रवारची शिफ्ट ठरलेली. "पण मम, शुक्रवारी तू करतेस तरी काय?"

शर्लींनी तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्या खाली बसल्या. मी आठव्या स्लाइडवर गेलेच नाही. लोकांना म्हटलं, चहा घ्या.

ट्रेसी मला बंबाजवळ भेटली. तिचा चेहरा उतरला होता. "हे गेलं ना?" ती म्हणाली. "माझी पुढच्या टर्मला गणिताची बाई नाही, आणि हेही गेलं." मला तिची दया आली, आणि स्वतःचा संताप. तिने माझ्या हिरव्या पट्टीवर भरवसा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं होतं. त्याऐवजी मी शर्लींच्या घरी गेले. खरं तर पाचावर धारण बसली होती, बाई दारातूनच हाकलतील असं वाटत होतं. त्यांनी चहा केला. स्वयंपाकघरात फ्रिजला कॅलेंडर लावलेलं होतं. सोमवार ते गुरुवारच्या प्रत्येक चौकोनात नातवंडांची नावं, शाळेतून आणायची वेळ, पोहणं, दाताचा डॉक्टर. शुक्रवारचे चौकोन कोरे होते.

"हे कोरे दिसतात ना," त्या म्हणाल्या, "म्हणून सगळ्यांना वाटतं मी मोकळी आहे."

"मग शुक्रवारी...?"

"सकाळी उशिरा उठते. अकराला बोल्स." म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळत नेण्याचा खेळ. "मग क्लबातच फिश अँड चिप्स. दुपारी घरी येऊन झोपते. बस्स. हे लक्षात ठेवायला लिहावं कशाला लागतं? चार दिवस मी त्यांच्या घड्याळावर चालते. पाचव्या दिवशी नाही."

"काल हे सांगितलं का नाहीत?"

"आजारपण असतं तर सांगितलं असतं. सगळ्यांनी ऐकलंही असतं. पण मला बोल्स खेळायचंय म्हणून पोरं सांभाळणार नाही, हे आजीने हॉलमध्ये उभं राहून म्हणायचं? जोडी काय चैनीला जाते का कामावर?" "ट्रेसीला शिक्षक मिळायला हवा हे मला कळतं गं. माझी चारही पोरं त्याच शाळेत शिकली. विचारलं असतं तर एक आड एक शुक्रवारी जोडीची दोघं मी ठेवून घेतली असती. बारा नाही आणि दर शुक्रवारी नाही."

एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्या एकाही प्रश्नात बसली नव्हती.

गाडीत बसून मी माझा बॉस ग्रेगला फोन लावला.

"क्लायंटला हो हवंय," तो म्हणाला. "पालकांना हो हवंय. आता तुझं काय?"

"आपण चुकीचं मोजलंय."

"आपण?"

"मी. एका बाईला मी पाच घरांत बसवलंय."

"एका बाईने काय होतंय, मेट? तळटीप टाक."

"ग्रेग, बाकीच्या चार गावांतही असंच असेल. मला आठवडा दे."

"तीन दिवस. आणि हॉटेल नाही."

मी तीन दिवस फोनवर होते. या वेळी पालकांना नाही, आजी-आजोबांना फोन केले. एक आजोबा खूश होऊन म्हणाले, नातू द्या, आजच द्या. एका आजीने विचारलं, कुठला शुक्रवार? तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक आजी तर स्वतःच शाळेच्या बसवर ड्रायव्हर होती, आणि शाळा नसेल तर तिचा त्या दिवसाचा पगारही नव्हता. बऱ्याच जणी म्हणाल्या, "आता त्यांनी लिहिलंच आहे, तर बघू." या 'बघू'ला कुठला रंग द्यायचा? मी पिवळा दिला. पट्टी पार बदलून गेली.

शेवटी बोर्डापुढे ठेवलं ते शर्लींच्या वाक्यातून निघालेलं. एक आड एक शुक्रवार सुट्टी. पंधरवड्यात नऊ दिवस शाळा, आणि दिवस फक्त अर्ध्या तासाने मोठा. सुट्टीच्या शुक्रवारी हॉल उघडा, तिथे पगारी माणूस, मुलांना खेळ आणि जेवण. ज्या आजी-आजोबांना नातवंडं हवीत त्यांनी न्यावीत, पण त्यांच्यावाचून अडता कामा नये.

ट्रेसी नाराज होती. "अर्ध्या गाजराला कोण भुलणार?"

"अर्धं गाजर टिकेल," मी म्हटलं. "पूर्ण गाजर शर्लीच्या स्वयंपाकघरात शिजणार होतं, आणि ती बाई दुसऱ्या टर्मला हात वर करणार होती."

त्यावर ती पहिल्यांदा हसली. बोर्डाने वर्षभरासाठी करून बघायचं ठरवलं. रिकाम्या दोन जागांपैकी एकीला शिक्षिका मिळाली, गणिताचीच. तिचा नवरा शहरात नोकरीला आहे, आणि एक आड एक आठवड्याला तीन दिवस मिळतात म्हणून ती आली. दुसरी जागा अजून रिकामी आहे. जोडीची मुलं सुट्टीच्या शुक्रवारी कधी हॉलमध्ये असतात, कधी शर्लींकडे. कधी कुठे, ते शर्ली ठरवतात.

आमच्या फॉर्ममध्ये आता एक ओळ जास्त आहे. 'ज्यांचं नाव दिलंत, त्यांना विचारलंत का?' ग्रेग म्हणतो, या ओळीपाशी लोक फॉर्म अर्धवट सोडून जातात. मी म्हणते, जाऊ देत.

पण एक सांगायचं राहिलं. फोनांचे ते तीन दिवस संपले त्या शनिवारी जेवताना मी आईला हा सगळा किस्सा सांगितला. रंगवून सांगितला, शर्लींच्या आवाजात. अद्वैत मध्येच "आजी, कॅन आय हॅव मोअर भात?" म्हणाला, तिने वाढला. मला वाटलं होतं ती खूप हसेल. ती म्हणाली, "आयजीच्या जिवावर बायजी उदार," आणि आमटी ढवळत राहिली.

ऑक्टोबरात परत जाऊन तिला काय करायचं होतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. लाज वाटली. तीन-चारशे किलोमीटर पलीकडच्या अनोळखी आज्यांना मी दिवसभर फोन करत होते, आणि ही रोज समोर बसून मला पोळी वाढत होती.

"आई," मी म्हटलं, "मार्चपर्यंत राहायचंय ना तुला? खरं सांग. तिकीट बदलता येतं."

"आता विचारतेस होय?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "राहते मी. अद्वैतची मला सवय झालीय. पण शुक्रवारी मला धरू नकोस."

"शुक्रवारी काय करणारेस?"

तोंडातून निघून गेलं. आईने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.

आता शुक्रवारी अडीचला मी लॉगऑफ करते आणि अद्वैतला मीच आणते. आई सकाळी साडेनऊला पर्स घेऊन बाहेर पडते आणि संध्याकाळी चहाच्या वेळेला येते. कुठे जाते, ते मी अजून विचारलेलं नाही.