चाळीस बाटल्यांचं भांडं

मोड आणून भाजलेली बार्ली ऊन पाण्यात पडली की जो वास सुटतो, तो थेट नाचणीच्या सत्त्वाचा असतो. गोडसर, दमट, किंचित खरपूस. आजारातून उठलेल्या माणसाला अंथरुणातच भूक लागावी असा! किती निष्पाप, किती घरगुती वास! अबू धाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या बाराव्या मजल्यावर त्या शनिवारी सकाळी तोच दरवळत होता, आणि मी मात्र भीतीने घामाघूम झालो होतो.

कारण उघड आहे. घरात बिअर गाळणं हा इथे गुन्हा आहे. ठाऊक असून हा उपद्व्याप का केलास, असं तू विचारशीलच. काय सांगू? वसईला नाताळच्या आधी आमची आय द्राक्षांची वाइन बरणीत मुरत घाली, तोंडाला धुवट फडकं बांधी, आणि तयार झाली की घरातल्या कुणी ओठाला लावायच्या आत पहिला पेला शेजारच्या दारी जाई. घरात जे शिजलं-मुरलं, त्याचा पहिला वाटा दुसऱ्याचा, हा आमच्या आळीचा रिवाज. परदेशात आल्यावर मी त्या सुखाची हौस तेवढी उचलली. वाटा कुणाला देण्याची सोयच नव्हती. जे दारं लावून करायचं, ते वाटायचं कुणाला?

सुरुवात जुन्या पातेल्यात झाली. गॅसवर उकळायचं, टबात गार करायचं, महिन्या-दोन महिन्यांनी दहा बाटल्या. माझी बायको सेलिना इथल्या इस्पितळात नर्स आहे. ती पाहून न पाहिल्यासारखं करायची. तिच्या त्या मौनालाच मी संमती समजत आलो. मग ऑफिसातला एक गोरा सहकारी कायमचा मायदेशी निघाला आणि त्याचं बिअर करायचं यंत्र, उरलेल्या धान्याच्या पिशव्यांसकट, माझ्या गळ्यात घालून गेला. कमरेएवढं स्टीलचं पिंप! त्यातच धान्य भिजवायचं, त्यातच उकळायचं, त्यातच गार करायचं. पोटात शेगडी, अंगाला पंप, कपाळावर आकडे दाखवणारा पडदा. एका खेपेला चाळीस बाटल्या. मी हरखून त्याच्याभोवती फिरत होतो आणि सेलिना दारात उभी होती.

“चाळीस बाटल्या कुणासाठी रे?” तिने विचारलं. मी पिंपाचा नळ उघडझाप करून बघू लागलो. “कुणी तक्रार केली तर माझं लायसन्स जाईल. मग व्हिसा, रियाची शाळा, सगळं खलास. पातेलं होतं तोवर मी मनाची समजूत घालत होते. याची कशी घालू, सांग.” मी म्हणालो, एकदाच करतो. हाव नेहमी असंच म्हणते, नाही का?

तर तो शनिवार. उकळत्या पिंपावर झाकण ठेवता येत नाही, तासभर वाफ मोकळी सोडावी लागते. पातेल्याची वाफ स्वयंपाकघरात मावायची. ही दाराखालून निघाली आणि मजलाभर पसरली. सेलिना गणवेश चढवून ड्युटीला निघायच्या बेतात होती, तेवढ्यात बेल वाजली.

दारात इमारतीचा सिक्युरिटीवाला, केरळचा, आम्हाला रोज हसून सलाम करणारा. मी स्वयंपाकघराच्या दाराआड, हातात ढवळणं. पंप घरघरत होता. बंद केला तर एकाएकी शांत होऊन संशय येणार, चालू ठेवला तर आवाज! जीव नुसता टांगणीला. “मॅडम, पूरा फ्लोर में स्मेल आ रहा है. क्या बन रहा है?” त्याने विचारलं. आणि पेशंटच्या औषधाची वेळ पाच मिनिटांनी चुकली तरी तसं नोंदवणारी माझी बायको शांतपणे म्हणाली, “खीर. रागी का खीर.”

त्याने खोल श्वास घेतला. “अच्छा! मेरा अम्मा भी बनाता था,” म्हणाला आणि प्रसन्न चेहऱ्याने निघून गेला. त्याने शंका घेतली असती तर बरं झालं असतं! सेलिनाने दार लावलं. आमची सात वर्षांची रिया सोफ्यावरून उठून आली, “मम्मा, कॅन आय हॅव सम खीर?” सेलिना सिंकपाशी गेली आणि इस्पितळात धुते तसे कोपरापर्यंत हात धुतले, एकदा, मग पुन्हा एकदा. माझ्याकडे न बघताच ती कामावर गेली.

मी शेगडी बंद केली आणि निवल्यावर पिंपाचा नळ मोरीत सोडला. ते सोनेरी पाणी वाहून जायला अर्धा तास लागला. मग यंत्राचा एकेक भाग सुटा करून खोक्यात भरला. लाज वाटत होती, आणि खरं सांगतो, त्या पाण्याबद्दल हळहळही वाटत होती.

संध्याकाळी सेलिना परतली ती नाचणीचं पीठ, गूळ आणि नारळ घेऊन. पाय दुखत असताना तिने जुनं पातेलं काढलं, घासलं, पुन्हा घासलं, आणि खीर रटरटायला ठेवली. घरभर तोच वास! रिया वाटी घेऊन ओट्याला चिकटली, तर सेलिना म्हणाली, “थांब. पहिली खाली जाणार.” आणि झाकलेला डबा माझ्या हातात दिला, “तू दे.”

लिफ्टमध्ये डबा हाताला चटके देत होता. सिक्युरिटीवाल्याने झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला आणि लहान मुलासारखा हसला. “सर, वही! सुबह वाला ही!” तो म्हणाला. आणि मी काय केलं, ठाऊक आहे? मान डोलावली. सकाळचं जे खोटं तिने राबून राबून खरं केलं होतं, ते मी एका मानेच्या हेलकाव्यात पुन्हा खोटं करून टाकलं. डबा परत न्यायचा होता, म्हणून तो खाईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.