ब्लॉक घेणारी मेथड

कांद्याचा उग्र वास आला की मंचरमधलं ते ऑफिस आठवतं. खाली कांद्याची वखार, वर आम्ही रुबी या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिणारे. परभणीहून आलेला मी, नववीतच शाळा सोडलेला, नोकरी अजून कच्ची, आणि दुपारी साहेबांना काम दाखवायचं होतं. कांदा, बटाटा, प्रत्येक मालाचा हिशेब करणारी मेथड, म्हणजे प्रोग्रामचा नाव दिलेला तुकडा, define_method या आज्ञेनं बनत होती. वजनातून माती किती वजा करायची, ती रीत ब्लॉकमधून, म्हणजे मेथडीच्या हाती सोपवलेल्या छोट्या कोडमधून द्यायची. पण तो ब्लॉक चालवणारं आतलं yield म्हणे, ब्लॉकच नाही! "ताई, दिलाय की हो!" मी म्हणालो. शेजारच्या सीनियर ताई हसल्या. "असल्या मेथडीत yield चालत न्हाई, राव. लई जणांचं इथंच अडतं. &block लिहून मागून घे, मग block.call कर." लगेच चाललं. "कुणी सोडवलं?" साहेबांनी विचारलं. "त्यानंच," ताई म्हणाल्या. नोकरी टिकली. yield तिथं का चालत नाही, हे मला आजही नीट उमगलेलं नाही; ताई "त्यानंच" असं का म्हणाल्या, तेही.